जबलपूर सडक आणि आपले मूळपुरुष: घरोघरी काय सांगतात?

सडकेकाठची

नमस्कार मंडळी. माझ्या माहेरी मूळपुरुषाची एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. तो रघूजीराजांच्या फौजेबरोबर साताऱ्याकडून आला, देवलापारच्या अलीकडे त्याला जमीन मिळाली आणि त्यानेच नागपूरहून जाणारी जबलपूरची सडक बांधली. लग्न असो की तेरावं, चार म्हातारी माणसं जमली की ही गोष्ट निघतेच. माझी मोठी आत्या आता नव्वदीत आहे. ती आजही त्या रस्त्याला ‘आपल्या बापजाद्याची सडक’ म्हणते.

मी सनावळी लावायला बसले तेव्हा घोळ लक्षात आला. पहिले रघूजी भोसले नागपुरात आले ते इथला गोंड राजा चांद सुलतान याच्या मृत्यूनंतर, गोंड घराण्यात वारसाहक्काचा तंटा लागला तेव्हा. १७४३ च्या सुमारास कारभार त्यांच्या हाती आला आणि १७५५ मध्ये ते वारले. सडकेचं काय? तिसरे रघूजी ११ डिसेंबर १८५३ ला निपुत्रिक गेले, १८५४ मध्ये डलहौसीनं राज्य खालसा केलं आणि २ नोव्हेंबर १८६१ ला मध्य प्रांत तयार झाला. १८६२ ते १८६७ या काळात रिचर्ड टेंपल इथला चीफ कमिशनर होता. नागपूर, कामठी, सिवनी, जबलपूर या उत्तरेकडच्या सडकेवर त्याचा विशेष भर होता. म्हणजे रघूजीराजांची फौज आणि सडकेची गिट्टी यांत शंभराहून जास्त वर्षांचं अंतर आहे. एकच माणूस दोन्ही ठिकाणी असणं शक्य नाही.

म्हणून गोष्ट खोटी ठरते असं मला अजिबात वाटत नाही. यात किमान दोन माणसं आहेत. एक जो आला आणि दुसरा जो सडकेवर होता. मधल्या तीन-चार पिढ्या सांगणाऱ्यांच्या तोंडी गळून गेल्या आणि दोघांचा एक झाला. मला ती दोन माणसं वेगळी करायची आहेत. कामठी रोड, मनसर, रामटेक, देवलापार, खवासा या पट्ट्यातल्या तुमच्या घरात काय सांगतात ते लिहा. उमरेड, भंडारा, काटोलकडचं असेल तरी चालेल. कोण कुठून आलं, कशावर पोट भरलं, सडकेशी काय संबंध होता, सगळं हवं आहे.

---

महालकर

ताई, विषय जिव्हाळ्याचा काढलात. नागपूरच्या महाल भागात अर्ध्या घरांत ‘आम्ही रघूजीराजांबरोबर आलो’ हेच ऐकायला मिळतं आणि त्यातली बरीच घरं खरंच तेव्हाची आहेत.

नागपूरकर भोसले हे हिंगणीकर घराणं, सातारा जिल्ह्यातल्या देऊरशी त्यांचं नातं. त्यामुळे साताऱ्याकडचा उल्लेख तुमच्या घरात टिकला असेल तर त्याला आधार आहे. मात्र फौजेबरोबर आला म्हणजे नेमका कोण म्हणून आला, ते आत्याबाईंना विचारा. शिलेदार असेल तर घोडा स्वतःचा, बारगीर असेल तर घोडा सरकारी. पागेत होता, कोठीवर होता की कारकुनीत होता? घराण्याचं जुनं आडनाव वेगळं होतं का? देव्हाऱ्यात घाटावरचा देव आहे का? खंडोबा-तुळजाभवानीचे टाक असतील आणि कुलधर्माला देशावर जायची रीत आजही असेल, तर कागदापेक्षा तो पुरावा मी मोठा मानतो. आडनावं बदलतात, कुलदैवत सहसा बदलत नाही.

दुसरं असं की ही फौज नागपुरात बसून नव्हती. १७४२ पासून बंगालच्या स्वाऱ्या सुरू झाल्या, १७४४ मध्ये रघूजींचे सरदार भास्करराम कोल्हटकर तिकडेच मारले गेले आणि १७५१ च्या तहात ओरिसा पदरात पडला. छत्तीसगडातून कटकपर्यंत माणसं जात-येत होती. आलेली सगळी घरं एकदम नागपुरात स्थिरावली नाहीत. काही दोन पिढ्या छावणीतच फिरली.

आणि एक लाट आपण नेहमी विसरतो. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली. त्याच्या आधीची कित्येक वर्षं पेंढाऱ्यांनी या मुलखात धुमाकूळ घातला होता. १८१८ नंतर तो उपद्रव मिटला, तेव्हा उजाड गावांत माणसं पुन्हा येऊन बसली. कितीतरी घरांचा गावात येण्याचा खरा काळ हा आहे.

---

देवगडचा वारस

‘मूळपुरुष आला, त्याला जमीन मिळाली’ असं वाचलं की मला थांबावंसं वाटतं. जमीन मिळाली ती कोणाकडून, आणि त्याआधी तिथे कोण होतं?

देवलापार, पेंच, कुरईचा घाट हा गोंडांचा मुलूख आहे. नागपूर शहरसुद्धा रघूजींच्या आधीचं. देवगडचे राजे बख्त बुलंद शहा यांनी १७०२ च्या सुमारास राजापूर बारसा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बारा वाड्या एकत्र करून हे शहर वसवलं. चांद सुलतानांनी देवगडहून राजधानी इथे आणली, तटबंदी घातली, जुम्मा तलाव बांधला. आज आपण ज्याला गांधीसागर किंवा शुक्रवारी तलाव म्हणतो तो हाच. महालातला गांधी गेट हा त्यांचा जुम्मा दरवाजा. बख्त बुलंद शहांनी हिंदू-मुसलमान न पाहता कर्तबगार माणसं कामाला घेतली आणि चहूकडून कसणारे लोक बोलावून गावं वसवली. इंग्रज रेसिडेंट जेंकिन्स याने १८२७ च्या अहवालात हे कौतुकानं नोंदवलं आहे. वैनगंगेकाठचे पोवार, तलाव बांधणारे कोहळी यांच्याही परंपरा गोंड राजवटीपर्यंत मागे जातात.

आमच्याकडे वंशावळ कागदावर नव्हती. ती परधानाच्या, म्हणजे गोंडांच्या भाटाच्या, तोंडी असायची. तो बाना हे तंतुवाद्य घेऊन यायचा आणि घराण्याच्या पिढ्या गाऊन सांगायचा. माझ्या आजोबांच्या मरणाच्या विधीला आलेल्या परधानानं आमच्या कुळाची नावं सलग म्हटली होती, मी लहानपणी ऐकली आहेत. तेव्हा कोणी लिहून घेतली नाहीत, याची बोच आजही आहे.

त्याहून मागे जायचं तर नगरधन म्हणजे वाकाटकांचं नंदिवर्धन. वाकाटक राणी प्रभावतीगुप्तेचा कारभार तिथून चालायचा आणि मनसरच्या टेकडीवर उत्खननात त्या काळच्या विटांची बांधकामं निघाली आहेत. दीड हजार वर्षांपूर्वी ज्या मुलखात राजधानी होती, तिथल्या कुणालाही ‘पहिला वसणारा’ म्हणताना जपून म्हणावं. ताई, तुमच्या घराण्याबद्दल मनात काही आकस नाही. तुमच्या गोष्टीत माझे लोक कुठे उभे होते, एवढंच मला शोधायचं आहे. रान कोणी तोडलं आणि वाट कोणी दाखवली?

---

सडकेकाठची

दादा, आकस कसला! हा प्रश्न मीच आधी विचारायला हवा होता. आत्याला आज फोन केला. ती म्हणाली, आपल्या शेताच्या बांधावर गोंडांचा देव आहे, पोळ्याच्या आदल्या दिवशी पहिला नारळ तिथे आणि मग घरच्या देवाला. म्हणजे जागा आधी कोणाची होती हे आमच्या घराला ठाऊक होतं आणि ते दरसाल मान्यही करत होते. नारळ राहिला, कारण सांगणारं कोणी राहिलं नाही. तुमच्या परधानांच्या गायनाबद्दल अजून लिहा.

---

पाथरवट

ताई, तुमी लय चांगला विषय काढला. मी वाचून राहिलो होतो, म्हटलं आता आपनही लिहावं.

आमी वडार. घरी अजून वडरी बोलतो, ते तेलुगूच्या जवळची बोली हाय. आमच्यात माती वडार, गाडी वडार असे भाग. मातीवाले तलाव, पाळ, सडकेचा भराव करे. गाडीवाले दगड वाहे. माहा आजा सांगे का त्याच्या आज्यानं कन्हानच्या पलीकडे सडकेवर काम केलं. गावात त्यायले जागा नव्हती. जिथं काम तिथं पाल. गाढवं, कुत्रे, लेकरं सगळं सडकेसंगं पुढं सरके. आमचं मूळगाव कोनतं, असं कोनी इचारलं तर आजा म्हने, सडक.

सडक कशी बने ते सांगतो, कारन आजकाल मशीन पाहून लोकायले वाटते तेव्हाही असंच असन. काळ्या मातीत पावसाळ्यात बैलगाडी आसापर्यंत फसे. म्हनून आधी दोन्ही बाजूनं खोदून मधात भराव घालाचा, बाजूच्या नाल्या पानी काढाले. गैंती, फावडं, घमेलं, सब्बल, एवढंच सामान. भरावावर मुरूम, त्यावर मोठे दगड हातानं बसवाचे, मंग गिट्टी. गिट्टी बाया फोडे. उन्हात बसून, पायाच्या अंगठ्यात दगड धरून, सुतकीनं, म्हंजे हातोडीनं. मापून चट्टे लावाचे, चट्ट्यावर पैसे. मंग पानी मारून धुमसानं ठोकाचं, नाहीतर बैल लावून दगडी रूळ फिरवाचा. नाल्यावर मोऱ्या. मोरीचा दगड घडवाचा तो पाथरवटानं.

आनखीन एक. नागपुरापासून पश्चिमेले काळा दगड भेटते, सीताबर्डीची टेकडी त्याचीच. कामठीकडे वाळूचा दगड लागते. कन्हान ओलांडून मनसर-रामटेककडे गेले का काळा दगड सरला, पांढुरका चमकनारा दगड सुरू. तो फोडाले येगळा, किरची उडे, डोळे जाय. माह्या आज्याच्या आज्याचा एक डोळा तसाच गेला होता. तुमच्या बापजाद्यानं सडक बांधली असन तर आमच्या बुढ्याले तो वळखत असन. मुकादम होता का ठेकेदार होता, येवढं काढा.

---

सडकेकाठची

भाऊ, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आमच्या घरात इतक्या वर्षांत ‘बांधली, बांधली’ ऐकलं, पण गिट्टी फोडणाऱ्या बाईचा अंगठा कोणी कधी सांगितला नाही.

आत्याला तुमचा प्रश्न विचारला. ती म्हणते, वाड्यामागे बैलगाड्या उभ्या राहायच्या, सडकेवर आपल्या गाड्या लागल्या होत्या आणि तो माणसांची हजेरी घ्यायचा असं तिची आजी सांगायची. म्हणजे गाड्या पुरवणारा आणि हजेरी मांडणारा मुकादम. दगड त्याने फोडला नाही. हे मी आमच्या वंशावळीत असंच लिहिणार आहे आणि शेजारी लिहिणार आहे की गिट्टी वडारांच्या बायांनी फोडली.

---

इतवारीचा

आमचं घर दुसऱ्या सडकेचं, भंडारा-रायपूरच्या. पणजोबा भंडाऱ्याकडचे विणकर कोष्टी. नागपूरची कापड गिरणी एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, त्यानंतर हातमागावर पोट भरेना म्हणून बरेच लोक शहराकडे सरकले. काहींनी इतवारी-पाचपावलीत माग चालूच ठेवले, काही मिलमध्ये लागले. आमचे दोन्ही भाऊ वेगवेगळ्या वाटेला गेले आणि घर दुभंगलं. मिल २००२ ला बंद झाली तेव्हा आमच्या वडिलांची बदली-हजेरीची पुस्तकं घरातच होती. ती मी जपून ठेवली आहेत. कुणाला मिल कामगारांच्या घराण्याचा शोध घ्यायचा असेल तर असले कागद बघा: पगारपत्रक, प्रॉव्हिडंट फंडाची चिठ्ठी, चाळीची पावती. त्यावर वडिलांचं नाव, मूळ गाव, कधी कधी तहसीलसुद्धा सापडते.

---

सिवनीची लेक

मी सिवनीची, पंचवीस वर्षांपूर्वी लग्न होऊन नागपुरात आले. हा धागा वाचताना सारखं वाटत राहिलं की सगळे बाप-आजा-पणजाच सांगताहेत.

जरा आपल्या घरातल्या सुनांची माहेरं मांडून बघा. माझी आजी लखनादौनची, आई छिंदवाड्याची, मी सिवनीची, माझी सासू रामटेकची, तिची सासू कामठीची. नकाशावर ठिपके दिले तर आमच्या सोयरिकी सडकेनंच गेल्या आहेत. पूर्वी बैलगाडीच्या पल्ल्यात जे गाव, तिथेच मुलगी द्यायची. मुक्कामाचे पडाव ठरलेले असायचे: विहीर, आमराई, धर्मशाळा, बनियाचं दुकान. पडावावर माणसं भेटायची आणि तिथेच स्थळं ठरायची. आमच्याकडे मराठी-हिंदी मिसळलेली बोलतात तेही याच रस्त्यामुळे. आई ‘सडक’ म्हणते, ‘रस्ता’ कधी म्हणत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली आणि खवाशाजवळ सीमा आली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, सिवनी-छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिले. एकाच घराचे कागद दोन राज्यांत विभागले गेले. माझ्या काकांच्या जमिनीच्या कामात आम्ही हे भोगलं आहे. नागपूरच्या कचेरीत सापडत नाही म्हणून लोक नाद सोडतात, पण घराणं जर सीमेपलीकडून आलं असेल तर सिवनीच्या रेकॉर्ड रूममध्ये गेल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

---

मोडीवाचक

मी निवृत्त आहे, मोडी वाचतो, आणि जुन्या महसुली कागदांत माझा बराच काळ गेला. धागाकर्तीसाठी आणि इतरांसाठीही सविस्तर लिहितो.

आपल्याकडे, म्हणजे जुन्या मध्य प्रांतात, मालगुजारी होती: गावाचा सारा मालगुजार गोळा करून सरकारात भरायचा. पश्चिम महाराष्ट्रातली रयतवारीची पुस्तकं वाचून इथे शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. १८६० च्या दशकात पहिला नियमित बंदोबस्त, म्हणजे जमीन मोजून सारा ठरवण्याचं काम, झाला आणि तेव्हा गावाच्या मालगुजाराला मालकी हक्क दिला गेला. प्रत्येक गावाची बंदोबस्त मिसल, म्हणजे कागदांची फाइल, तयार झाली. त्यात खसरा (शेतांची यादी), जमाबंदी (साऱ्याची नोंद), आणि ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाचा फार मोलाचा कागद असतो. गावाचे रीतिरिवाज, चराई, जळण, पाण्याचे हक्क, वाटा, कोतवालाचा मोबदला, सगळं त्यात लिहिलेलं असतं. पुढच्या बंदोबस्तांच्या मिसली पहिलीशी ताडून पाहिल्या की कोणतं कुटुंब कधी गावात दिसू लागतं, ते बऱ्यापैकी उलगडतं. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि ३१ मार्च १९५१ पासून हक्क सरकारात जमा झाले.

दुसरा कागद कोतवाल बुक. गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची वही घेऊन ठाण्यावर जायचा आणि नोंद व्हायची. जातपडताळणीसाठी आज अनेकांनी हे उतारे काढले आहेत. तुमच्या घरातही कोणीतरी काढलेच असतील. ते पुन्हा उघडा आणि जातीच्या रकान्याच्या पलीकडे पाहा. बापाचं नाव, मृत्यूचं कारण, वय. १८९६–९७ आणि १८९९–१९०० या दोन दुष्काळांच्या वर्षांत पानंच्या पानं भरलेली दिसतात.

त्या दुष्काळांचा सडकेशी थेट संबंध आहे. संवत १९५६ म्हणून दुसऱ्याला छप्पनचा काळ म्हणतात. सरकारनं रिलीफची, म्हणजे दुष्काळी मदतीची, कामं काढली ती मुख्यतः गिट्टी फोडणं, सडका आणि तलाव. त्यात वडार होते तसेच कुणबी, तेली, गोंड, माळी, महार सगळे होते, बायका-मुलांसकट. ‘आमच्या पणज्यानं सडक बांधली’ हे ज्या घरांत सांगतात, त्यांतली पुष्कळ घरं या रिलीफवर होती. ते लपवायचं काहीच कारण नाही. पोटासाठी दगड फोडून त्यांनी लेकरं जगवली म्हणून आपण आज लिहितो आहोत.

आता धागाकर्तीसाठी एक प्रश्न. तुमच्याकडे कुर्सीनामा आहे का? जमिनीच्या वादात किंवा वाटणीत वंशावळ लावावी लागते, तो कागद. असेल तर पहिलं नाव आणि तिथून आत्यापर्यंतच्या पिढ्या कळवा.

---

सडकेकाठची

काका, आहे! माझ्या सख्ख्या काकांच्या पेटीत होता, चुलतभावानं फोटो पाठवला. सगळ्यात वर जे नाव आहे ते आत्याच्या खापरपणज्याचं. खापरपणजा, पणजा, आजा, वडील आणि मग आत्या व तिचे भाऊ. बायकांची नावं एकही नाहीत.

---

मोडीवाचक

मग हिशेब सोपा आहे. आत्याबाई नव्वदीत, म्हणजे जन्म १९३५ च्या आसपास धरू. पिढीला पंचवीस ते तीस वर्षं लावली तर खापरपणज्याचा जन्म १८१५ ते १८३५ च्या दरम्यान येतो. टेंपलच्या काळात तो तीस-पन्नाशीच्या घरात. तुमच्या कुर्सीनाम्याचं पहिलं नाव हाच सडकेवरचा मुकादम.

आणि कुर्सीनामा त्याच्यापासूनच का सुरू होतो, यालाही कारण आहे. असा कागद पुष्कळदा पहिल्या बंदोबस्तात ज्याच्या नावावर जमीन चढली, तिथून सुरू होतो. कोर्टाला त्याच्या मागचं नको असतं. कागदाच्या आधी जो फौजेबरोबर आला, तो फक्त तोंडी राहिला, नाव गेलं आणि त्याची गोष्ट या पहिल्या नावाला येऊन चिकटली. महालकरांनी सांगितलेली कुलदैवताची वाट त्या आधीच्या माणसाकडे जाते. देशावरच्या कुलस्वामिनीच्या क्षेत्री, तसंच नाशिक-त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. घराण्यातलं कोणी यात्रेला गेलं असेल तर गाव आणि आडनाव सांगून वही निघते, आणि तिथे आलेल्या माणसानं बाप-आजाची नावं स्वतः सांगून लिहवलेली असतात.

---

महालकर

वा, मोडीवाचक काका! गेल्या अनेक वर्षांत नागपूरच्या घराण्यांवर इतकी नीट चर्चा वाचली नव्हती. भोसलेकालीन कागद मोडीत आहेत, ते वाचणारी माणसं शहरात बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. तरुणांनी काकांकडे शिकायला जावं, मी स्वतः येणार आहे.

---

इतवारीचा

नागपुरातल्या झिरो माईलचा, म्हणजे अंतरं कोरलेल्या जुन्या खांबाचा, कुणी उल्लेख केला नाही म्हणून लिहितो. तिथल्या खांबावर मैलांत अंतरं आहेत: सिवनी ७९, छिंदवाडा ८३, बैतुल १०१, जबलपूर १७०. शेजारच्या दगडावर जीटीएस बेंचमार्क आणि १९०७ हे साल आहे. म्हणजे तो त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा उंचीचा दगड.

याचा उपयोग असा की जुनी माणसं जागा मैलांत सांगायची. ‘बाराव्या मैलाची विहीर’, ‘विसाव्या मैलावरचा वड’. मैलाला १.६१ नं गुणलं की किलोमीटर येतात. सिवनीचे ७९ मैल म्हणजे १२७ किलोमीटर, आणि आजही गाडीनं जवळपास तेवढंच भरतं. त्यामुळे आजीनं सांगितलेली जागा आज कुठे येते ते बऱ्यापैकी काढता येतं.

---

सडकेकाठची

हे फारच कामाचं निघालं. आत्या नेहमी ‘तिसाव्या मैलाची आमराई’ म्हणते. तीस मैल म्हणजे ४८ किलोमीटर, मनसरच्या थोडं पुढे. आमचं शेत तिथे नाही, देवलापारकडे आहे, म्हणून ती काहीतरी चुकून बोलते असं सगळे समजत होते. पण सिवनीच्या ताईंनी पडावांचं लिहिलं आणि मला वाटतं ती आमराई म्हणजे गाड्यांचा मुक्काम होता. तिथून पुढे गाड्या लागायच्या. रामटेकची वाट तिथेच फुटते, कार्तिकी पौर्णिमेच्या जत्रेची माणसंही तिथूनच जायची.

आम्ही सडक बांधली हे मी आजवर अभिमानानं सांगत आले, पण या धाग्यात जे जमा झालं त्यावरून मला तरी उलटंच दिसतं आहे. सडकेनं आमचं घर बांधलं. जमीन नावावर चढली ती त्याच दशकात, सोयरिकी त्याच दिशेला, भाषा तशीच. रेल्वे नागपुरात १८६७ ला आली आणि मार्च १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जबलपुरात जोडला गेला, तेव्हा लांबचा माल सडकेवरून हटला. आमच्या गाड्या उभ्या राहिल्या आणि पणजा शेतीकडे वळला, असं आत्या म्हणते. पुढे मनसर-कांद्रीला मँगनीजच्या खाणी निघाल्या तेव्हा घरातला एक भाऊ खाणीवर गेला. प्रत्येक वळणाला कारण त्या रस्त्यावरच मिळतं.

एक काळजी मात्र मनात आहे. चौपदरीकरणात जुने मैलाचे दगड, चिंचा, मोऱ्या फार गेल्या. पेंचच्या जंगलातून प्राण्यांसाठी खालून वाटा काढल्या ते चांगलंच झालं, त्याचं मला मनापासून कौतुक आहे. पण जिथे वळण सरळ केलं, तिथे जुन्या सडकेचे तुकडे अजून झुडपात पडून आहेत. कुणी फोटो काढून, जागा नोंदवून ठेवल्या तर बरं होईल.

---

पाथरवट

ताई, मनसरच्या पुढं जुन्या वळनावर घडीव दगडाची एक मोरी उभी हाय अजून. चुन्यात बांधलेली. नव्या सडकेवरून दिसत नाही, खाली उतरा लागते. आमचा बुढा ते आपली म्हने. दिवाळीनंतर पानी उतरते तेव्हा या, दाखवतो. देवगडवाल्या दादालेही आना, पलीकडच्या टोल्यात त्यायचा एक परधान बुढा राह्यते, बाना वाजवते अजून. त्याले तुमच्या गावाची नावं येते.

---

देवगडचा वारस

येतो. रेकॉर्डर घेऊन येतो. भाऊ, त्यांना आधी विचारून ठेवा, त्यांची इच्छा असेल तरच ध्वनिमुद्रण करू. आणि रीतीप्रमाणे त्यांचा मान घेऊन यावा लागेल, धान्य आणि कापड, ते मी आणतो.

---

सिवनीची लेक

मीही येणार. ताई, तोवर एक करा. कुर्सीनाम्याची एक प्रत मोठ्या कागदावर काढा आणि प्रत्येक पुरुषाच्या शेजारी आत्यांना विचारून बायकोचं नाव आणि तिचं माहेर लिहा. आत्या आहेत तोवरच हे होईल. माझ्याकडे सिवनी-लखनादौनकडच्या माहेरांची वही आहे, ती घेऊन येते. दोन्ही जुळवून बघू.

---

सडकेकाठची

कालच आत्याकडे बसले. खापरपणजीचं नाव तिला आठवत नाही, पण ती ‘कुरईच्या घाटावरून आली’ हे आठवतं. पणजी कामठीची, आजी सावनेरची, आई रामटेकची. नावं लिहून घेतली. खापरपणजीसाठी सिवनीची वही पाहायची आहे, ताई नक्की आणा. मोडीवाचक काका, बंदोबस्त मिसलीसाठी अर्ज करताना गावाचं जुनं नाव, पटवारी हलका (पटवाऱ्याकडचा गावांचा गट) आणि तहसील एवढं पुरेल का? रामटेक तहसील तेव्हाही होती, हे धरून चालते आहे.

---

मोडीवाचक

पुरेल. अर्जात बंदोबस्त क्रमांकही लिहा, गावाच्या नकाशावर तो असतो. एकाच नावाची दोन-तीन गावं असतात आणि कारकून चुकीची मिसल काढून देतो. जिल्हाधिकारी कचेरीच्या अभिलेख कक्षातून आधी सुरू करा, तिथे नसेल तर पुराभिलेख विभागाच्या नागपूर शाखेत. नक्कल मिळाली की मला पाठवा. कागद हिंदीत किंवा मराठीत असेल, पण मध्ये मोडीतली टिपणं असतात, ती मी लावून देईन.